रीफकर

प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी रीफकर असतोच. आडनाव कागदोपत्री काही का असेना. वीज गेली की आपण इन्व्हर्टरवर पंखा लावतो, हे एअर पंप लावतात. पाहुण्यांना चहाच्या आधी टाकी दाखवतात. पण तिला टाकी म्हणायची सोय नाही. पंच्याहत्तर लिटर खाऱ्या पाण्याची ती 'सिस्टम'!

निळा लिंकिया तारामासा घरी आला, त्या संध्याकाळी रीफकर मेव्हणीच्या रिसेप्शनला गेलेच नाहीत. "याला रक्त नसतं हो! अंगात समुद्राचंच पाणी खेळतं, त्याच्याच दाबावर हे शेकडो नळीपाय चालतात. क्षार जरा इकडचे तिकडे झाले की संपलं." मग टाकीतून बारीक नळी काढली, तिला गाठ मारली आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पाहुण्याच्या बादलीत सोडत तीन तास उकिडवे बसले. मधूनमधून रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून "एक पॉइंट शून्य दोन पाच" असं पुटपुटत होते.

इतकं करून रीफकर जात्याच टापटिपीचे. काच रोज घासायची, वाळू उपसायची, दगडांवर ब्रश फिरवायचा. लिंकिया जगतो तो जुन्या, मुरलेल्या टाकीतल्या दगडांवरच्या बुळबुळीत थरावर. इथे तो थर जमेल तसा रीफकर धुऊन काढणार. काही महिन्यांनी एका हाताचं टोक मऊ पडलं, पांढरं झालं, गळालं, मग उरलेला. रीफकरांनी नायट्रेट मोजलं, दुकानदाराला दोष दिला, फोनवर दोघा जाणकारांचा सल्ला घेतला. वहिनींनी एवढंच विचारलं, "अहो, पण तो खात काय होता?"

पुढे वाळू चाळणारा तारामासा आणला. त्याने वाळूतले झाडून सगळे किडे फस्त केले आणि उपाशी मेला.

दरम्यान एका दगडाला चिकटून अॅस्टेरिना आले होते. हे नखाएवढे, मळकट, फुकटात आलेले तारामासे. एकाचे तुटून दोन होतात, दोनाचे चार. अक्षरशः ढेकणासारखे वाढले. रात्री टॉर्च दातात धरून रीफकर त्यांना चिमट्याने वेचत. शेवटी कंटाळून हार्लेक्विन कोळंबी आणली. ही तारामाशांशिवाय कशाला तोंड लावत नाही. तिने अॅस्टेरिनांचा फडशा पाडला आणि भुकेली होऊन बसली.

आता तिच्यासाठी बाल्कनीत दुसरी टाकी आहे. काचेवर शेवाळ, तळाशी गाळ. रीफकर तिकडे फिरकतात ते फक्त कात्री घेऊन. तिच्यात चॉकलेट चिप जातीचा एक तारामासा ठेवलाय. त्याचा एखादा हात अधूनमधून कोळंबीच्या पानात पडतो आणि मागून नवा फुटतो. प्राणी ठणठणीत आहे. त्याला कोळंबीचे तुकडे घालायचं काम वहिनींकडे असतं.