नियमभास्कर

म्युनिकच्या मराठी मंडळींत एक तरी नियमभास्कर असतोच. तो पुण्याचा, नाशिकचा की कोल्हापूरचा याला महत्त्व नाही. गावी असताना यानं 'दोन मिनिटांत आलो' म्हणत नो पार्किंगमध्ये गाडी लावून पोटभर जेवण केलेलं असतं, वळसा वाचवायला उलट्या दिशेनं स्कूटर दामटलेली असते, आणि सोसायटीच्या सभेत ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाला की नेमका त्याच वेळी फोन घ्यायला तो बाहेर गेलेला असतो. आज हेच गृहस्थ जानेवारीतल्या रात्री अकरा वाजता, चिटपाखरू नसलेल्या रस्त्याच्या कडेला, पादचाऱ्यांचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत कुडकुडत उभे असतात. दंड पाच युरोचा. पण प्रश्न दंडाचा नसतो. "एखादं लहान मूल खिडकीतून बघत असेल तर?" असं ते आपल्याला ऐकवतात. अकरा वाजता तिथली लहान मुलं झोपलेली असतात, हाही एक नियमच, हे त्यांना सांगायचं कोणी?

तसा हा माणूस सुरुवातीला लढला होता. भाड्याचं घर मिळालं त्यात स्वयंपाकाची खोली होती, ओटा नव्हता. आधीचे भाडेकरू शेगडीपासून सिंकपर्यंत सगळं उपटून घेऊन गेले होते. छतातून दिव्यांऐवजी नुसत्या वायरी लोंबत होत्या. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि तिथली वेळ मिळायला तीन आठवडे. त्यात पत्र आलं की रेडिओ-टीव्हीची वर्गणी दरमहा १८.३६ युरो भरा. "आपल्याकडे टीव्हीच नाही, कळवा त्यांना," असं वहिनी म्हणाल्या. यानं कळवलं. उत्तर आलं, वर्गणी घरामागे असते, टीव्हीमागे नव्हे. त्या दिवशी त्यानं शस्त्रं खाली ठेवली आणि नियम पाठ करायला घेतले.

माझं असं मत आहे की यात शिस्तीचं प्रेम कमी आणि धास्ती जास्त. नव्या देशात माणसं कशावर हसतात ते कळत नाही, कशावर रागावतात तेही कळत नाही. शेजारची आजी "हो का" म्हणाली ती कौतुकानं की चिडून, याचा रात्रभर खल होतो. नियमाचं मात्र बरं असतं. तो छापलेला असतो आणि जिन्यात टांगलेला असतो.

म्हणून कागद निळ्या डब्यात, भाजीची देठं तपकिरी डब्यात. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगवार, आणि त्याही रविवारी नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. नारळाची करवंटी कुठल्या डब्यात यावर आमच्या ग्रुपवर दोन रात्री चर्चा चालली. रविवारी मिक्सर बंद. मध्यंतरी त्यानं मला फोन करून हळू आवाजात विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या किती चालतात रे?" त्या घरात हल्ली रविवारी वरण पातेल्यात शिजतं.

मुलाच्या सातव्या वाढदिवसाला त्याची खरी कसोटी लागली. तिकडचा साधारण संकेत असा की जितकं वय तितके पाहुणे. वर्गातले सात जण बोलावले, वेळ तीन ते सहा. तीनला सात मुलं दारात हजर, आईबाप सोडून परत गेले. मराठी मंडळींनाही तीनचंच आमंत्रण होतं. पहिलं कुटुंब पावणेसहाला "अरे, अजून कोणीच नाही आलं?" म्हणत शिरलं. सहाला जर्मन आईबाप मुलांना न्यायला आले तेव्हा घरात तीस माणसं, पावभाजीचा वास आणि दारात चपलांचा डोंगर. बिचाऱ्यांना वाटलं, आपलीच वेळ चुकली. आणि हा प्रत्येकाला माफी मागत पाव देत होता.

पण सगळ्यांत हाल झाले ते मेहुणीच्या लग्नात. तिकडे शाळा सक्तीची. लग्नासाठी म्हणून पोराला आठवडाभर काढता येत नाही. २०१८ साली बव्हेरियात मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच मुलांना घेऊन निघालेल्या आईबापांना गाठलं होतं, ही बातमी याला तोंडपाठ. बव्हेरियाची मोठी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि तेव्हा आपला चातुर्मास. नाताळची सुट्टी धरावी तर बहुधा पौष आडवा येतो. यानं सासऱ्यांना सुट्ट्यांचं अधिकृत वेळापत्रक पाठवलं आणि "गुरुजींना काढीव मुहूर्त विचारा" असं सुचवलं. सासऱ्यांनी उत्तर दिलं नाही. लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला झालं, वहिनी एकट्या गेल्या, आणि आमच्या नायकानं पोराला मांडीवर घेऊन मंगलाष्टकं व्हिडिओ कॉलवर ऐकली, आवाज बारीक ठेवून.

पोरगा मात्र वेगळ्याच मातीचा. त्याला नियम पाळावे लागत नाहीत, ते त्याच्या अंगातच आहेत. चौथीत तिकडे पोलीस सायकलची परीक्षा घेतात, रस्त्यावर नेऊन. त्या दिवशी वळणावर उभं राहायला पालक लागतात. नियमभास्कर चमकतं जाकीट घालून सगळ्यांत आधी हजर. पोलिसानं पोराची पाठ थोपटून विचारलं, इतकं छान कोणी शिकवलं? पोरानं अस्खलित जर्मनमध्ये सांगितलं, की आजीच्या गावाला बाबा स्कूटरवर आम्हां चौघांना बसवून नो एंट्रीतून नेतात, ते बघून मी काय करायचं नाही ते शिकलो. चार वर्षं क्लास लावूनही न कळलेलं जर्मन बापाला त्या दिवशी शब्दन् शब्द कळलं.

तरीही तुमच्यापैकी कोणी पोराबाळांसह तिकडे निघालं असेल, तर याचा नंबर जरूर घेऊन ठेवा. तो विमानतळावर पोह्यांचा डबा घेऊन येईल, तुमचं वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवेल, पालिकेत तुमच्याबरोबर रांगेत उभा राहील आणि तुमच्या मुलांना शाळेचा रस्ता चालून दाखवेल. फक्त त्यानं जेवायला सातला बोलावलं तर सातला जा. आणि रविवारी दुपारी बेल वाजवू नका.