पोह्यांचा रहिवासी दाखला

जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा आणि सरतेशेवटी हयातीचा असे दाखले गोळा करता करता सामान्य माणसाचे निम्मे आयुष्य तहसील कचेरीच्या व्हरांड्यात खर्ची पडते, ही व्यवस्था आपल्याकडे इतक्या निष्ठेने चालविली जाते की तिच्या अंमलातून आजवर केवळ अन्नच काय ते निसटले होते. परंतु गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहता ही उणीवही लौकरच भरून निघेल, आणि पानात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाने जेवणाऱ्याच्या मुखात प्रवेश करण्यापूर्वी आपले मूळ गाव, आपले राष्ट्रीयत्व आणि आपल्या वाडवडिलांची नावे सक्षम अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगावीत असा हुकूम सुटेल, अशी सुचिन्हे सर्वत्र दिसू लागली आहेत.

या विचाराचा निःसंदिग्ध उच्चार जानेवारी २०२० मध्ये इंदूर मुक्कामी झाला. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय सरचिटणीस कैलास विजयवर्गीय यांनी एका परिसंवादात असे निवेदन केले की, आपल्या घरी बांधकामावर असलेले काही मजूर पोळीला हात न लावता नुसतेच पोहे खातात हे पाहून ते बांगलादेशी असावेत असा संशय आपल्याला आला. अपराधशास्त्रात बोटांच्या ठशांनंतर एवढा सुलभ शोध दुसरा लागला नसेल. अडचण एवढीच की, हा शोध ज्या नगरीत लागला तिथे भल्या पहाटेपासून चौकाचौकांत पोह्यांच्या कढया चढतात, आणि संशयितांची यादी करावयाचीच झाली असती तर शहराची अख्खी मतदारयादी उचलून आणावी लागली असती. होळकरांच्या मागोमाग पोहेही माळव्यात गेले अशी मराठी माणसाची श्रद्धा आहे, आणि पोहे इंदुरातच अवतरले अशी इंदूरकरांची. या दोन श्रद्धांचा वाद मिटण्यापूर्वीच तिसऱ्या राष्ट्राचे नाव दप्तरी दाखल झाल्यामुळे उभय पक्षांची जी तारांबळ उडाली, ती पाहता सुदाम्याची पोह्यांची पुरचुंडी सोडून पाहणारा नाकेदार द्वारकेच्या वेशीवर नव्हता, हे त्या दरिद्री ब्राह्मणाचे परम भाग्यच म्हटले पाहिजे.

आमचे शहापूर भंडारा जिल्ह्यात, नागपुराहून भंडाऱ्याकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. ठाणे जिल्ह्यातही एक शहापूर आहे आणि बेळगावातही आहे. परंतु मूळ शहापूर कोणते याबद्दल तिघांपैकी कोणीही अद्याप दिवाणी दावा लावलेला नाही, याबद्दल आम्ही उर्वरित दोन्ही शहापुरांचे जाहीर आभार मानतो. महामार्गावरचे गाव असल्यामुळे येथे ट्रकवाले थांबतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी घोळक्याने उभे राहतात आणि तर्री पोह्यांच्या बशा सकाळी अखंड रित्या होत असतात. इंदूरच्या सिद्धांताची परीक्षा घेण्यास याहून योग्य स्थळ नाही, असे ठरवून आम्ही एका टपरीवरील एक बशी समक्ष ताब्यात घेतली आणि तिचा रीतसर पंचनामा केला. तो जनहितार्थ येथे देत आहोत.

मौजे शहापूर, तहसील व जिल्हा भंडारा. बशीच्या माथ्यावर बारीक चिरलेला कांदा आढळला. चौकशीअंती तो पुरातन काळी मध्य आशियाकडून आला असल्याचे विद्वानांचे मत निघाले, सबब तो बाजूस काढण्यात आला. पोह्यांत दडलेला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, तर्रीतील टमाटर त्याच खंडाचा, आणि जिच्या लाल तवंगावर या पदार्थाची सारी प्रतिष्ठा तरंगते ती मिरचीही अमेरिकेकडचीच. पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली तेव्हा तिच्यापाशी कोणताही परवाना नव्हता. (याच मिरचीच्या, आमच्या शेजारच्या भिवापुरास स्थायिक झालेल्या वंशजांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, यावरून काही शतके निमूटपणे शेतात राबल्यास परदेशस्थ इसमासही मूळ रहिवासी होता येते, असा अनुकूल दाखला निघतो.) तर्रीतील हरभरा आग्नेय तुर्कस्तानच्या बाजूचा, आणि वरची शेव त्याच हरभऱ्याची लेक असल्यामुळे बापाबरोबर तिलाही उठविणे प्राप्त झाले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, भूमध्य समुद्राच्या आसपासचा. हळदीची कागदपत्रे तेवढी चोख निघाली. अशा रीतीने सर्व उपऱ्यांना बेदखल केल्यावर बशीत पिवळे, कोरडे पोहे उरले. परंतु धानाची लागवड प्रथम चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात झाली की गंगेच्या मैदानात तिचा स्वतंत्र प्रारंभ झाला याविषयी शास्त्रज्ञांतच मतभेद असल्याचे ध्यानात येताच पोह्यांसही चौकशीअंती होणाऱ्या निर्णयापर्यंत स्थानबद्ध करावे लागले. पंचांच्या सह्या झाल्या. मुद्देमाल म्हणून हळद जप्त आहे.

या सर्व काळात टपरीचा मालक आपल्या झाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाची बशी भरीत होता. त्याचा जबाब विचारला असता तो एवढेच म्हणाला, “खाऊन पाहा न जी, मंग सांगा कुठचे हायेत तं.” जबाब अप्रस्तुत असल्यामुळे नोंदविण्यात आला नाही.

वाचक म्हणतील, ही थट्टा झाली. प्रत्यक्षात असे वाद कोण घालतो? त्यांनी कृपा करून आमच्या जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवर यावे. वैनगंगेच्या खोऱ्यात चिन्नोर नावाचा बारीक, मऊ आणि सुवासिक तांदूळ पिकतो; एका घरी शिजला की शेजारच्या घरी पाहुणा आल्याची वर्दी पोचते. मालाला गावाचे वा प्रांताचे नाव लावण्याचा हक्क राखून ठेवणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला, सप्टेंबर २००३ मध्ये अंमलात आला आणि त्याची कचेरी चेन्नईस बसली. त्या कचेरीने २०२१ मध्ये ‘बालाघाट चिन्नोर’ यास मानांकन दिले, म्हणजे तो मध्य प्रदेशाचा ठरला. त्यानंतर ‘भंडारा चिन्नोर’ यासही मानांकन मिळाले, म्हणजे तो महाराष्ट्राचाही ठरला. एका नदीच्या पाण्यावर पोसलेल्या एका नावाच्या धानाला दोन राज्यांनी दोन सनदा मिळवून दिल्या, आणि प्रत्येक राज्याने आपलीच सनद अस्सल मानली.

या प्रकरणाचे मर्म जुन्या दप्तरात आहे. १८६७ साली इंग्रज सरकारने भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा निर्माण केला. म्हणजे ज्या बालाघाटाशी भंडाऱ्याची आज मानांकनात बरोबरी चालते, तो अंशतः भंडाऱ्याच्याच पोटचा! पुढे सुमारे नव्वद वर्षे मायलेक एकाच नागपुरी अंमलाखाली नांदली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आई मुंबई राज्यात आली आणि लेक मध्य प्रदेशात राहिली. चिन्नोर धानाला ही वार्ता कोणी कळविली नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांचे पाणी बांधीत येते की नाही एवढीच त्याची विवंचना होती, आणि पटवाऱ्याच्या नकाशावरील हद्दीची रेघ ओलांडण्याची मनाई सुवासाला लागू करावी, हे पुनर्रचना आयोगालाही सुचले नव्हते.

हीच कथा मोठ्या प्रमाणावर बासमतीची झाली. १९४७ साली पंजाब दुभंगला, त्याबरोबर बासमतीची शेतेही दुभंगली. या तांदळाच्या नावावर आपला हक्क नोंदवावा असा अर्ज हिंदुस्थानाने २०१८ मध्ये युरोपीय संघाकडे केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध होताच पाकिस्तानने हरकत घेतली, आणि दोन्ही देशांचे मुत्सद्दी एका शितावरून भाताची नव्हे तर इतिहासाची परीक्षा करू लागले. तिकडे अशी राष्ट्रीय लढाई जुंपलेली असताना, आपल्याही काही जिल्ह्यांत बासमती पिकतो म्हणून आपणास मानांकनात घ्यावे अशी विनंती करणाऱ्या मध्य प्रदेशास पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी कडाडून विरोध केला; परकी दावेदाराशी झुंजताना घरच्या दावेदारास ओसरीवरच थोपवून धरण्याचे हे कौशल्य भाऊबंदकीच्या शास्त्रात अमर राहील. रसगुल्ल्याचे प्रकरण त्या मानाने गोडीगुलाबीने मिटले: नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालचा रसगुल्ला बंगालला मिळाला, जुलै २०१९ मध्ये ओडिशाचा रसगुल्ला ओडिशाला मिळाला, आणि काही वर्षे चाललेल्या वाक्‌युद्धाची फलश्रुती एवढीच झाली की ज्याच्या हातात जो होता तो त्याच्याच हातात राहिला. युक्रेन आणि रशिया यांच्यातील बीटाच्या बोर्श्टचा वाद तर २०२२ मध्ये युनेस्कोच्या दप्तरापर्यंत गेला. तिथे युक्रेनची पाककृती तातडीच्या संरक्षणाच्या यादीत दाखल झाली.

आम्ही मराठी माणसे या बाबतीत मागे आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात शंभूराजांच्या सन्मानार्थ आमटीत चिंच पडली आणि त्यातून सांबार जन्मास आले, ही आख्यायिका आम्ही प्रत्येक इडलीबरोबर मोठ्या अभिमानाने सांगतो. तिला समकालीन कागदाचा आधार विचारणारा इसम आमच्या दृष्टीने इतिहासाचा अभ्यासक नसून संस्कृतीचा वैरी असतो. कागदाचा अभाव ही आख्यायिकेची उणीव नसून तिचे चिलखत होय, कारण नसलेला कागद कोणालाही खोटा ठरविता येत नाही. गुजरातेने श्रीखंडावर हक्क सांगितला की आमचा स्वाभिमान जागृत होतो. कर्नाटकाने पुरणपोळीस होळिगे म्हणून आपल्या पानात घेतले की सीमाप्रश्नाची फाईल पुन्हा उघडावी असे आम्हास वाटते. तथापि भाकरी कोणाची, आंबील कोणाची, लाखोळीची डाळ कोणाची, असा वाद आम्ही कधी ऐकला नाही. धानाच्या ओलीवर बांधीत पिकणारी ती लाखोळी आमच्या गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली. सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली आणि पुष्कळ वर्षांनी ती उठविली, तरी तिच्या मातृत्वाचा दावा सांगण्यास एकही राज्य पुढे आले नाही. यावरून असा सिद्धांत निघतो की, ज्या पदार्थामुळे मान मिळतो त्याला अनेक बाप असतात, आणि ज्या पदार्थावर केवळ पोट भरते तो निपुत्रिकांच्या दारातही बेवारस पडून राहतो.

चिन्नोराच्याच कपाळी पाहा. हा भारी धान. शेतात मुक्काम लांब, अंगलट उंच, वारा आला की लोळतो, आणि उतारा कमी. जुलैच्या पावसात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून त्याची रोवणी करणाऱ्या बाईला तो मध्य प्रदेशाचा की महाराष्ट्राचा हे कोणी विचारीत नाही. मजुरी किती, हे तीच सर्वांना विचारते. तो कापून, चुरून केंद्रावर नेला तर तिथे सरकारी हमीभावाचे दोनच रकाने आहेत: २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानास क्विंटलला २३६९ रुपये, ‘अ’ दर्जास २३८९ रुपये. सुवासाला रकाना नाही. ज्या गुणासाठी चेन्नईस सनद मिळाली, तो गुण केंद्रावरच्या काट्यावर वजनात धरीत नाहीत. आणि मग बारदाना आला का, चुकारे केव्हा, बोनस यंदा आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधीत शेतकरी जेव्हा खेटे घालू लागतो तेव्हा मूळ स्थानाबद्दल एवढा अभिमान बाळगणारी सर्व मंडळी एकाएकी कोणत्या मूळ स्थानी अंतर्धान पावतात, हा शोधही कोणी तरी लावण्यासारखा आहे.

म्हणून अन्नाच्या उगमासंबंधीचे सर्व वाद निकालात काढण्यासाठी आम्ही एका छोट्याशा कायद्याचा मसुदा सरकारास सादर करीत आहोत. त्यात कलम एकच आहे. पितृत्व सिद्ध झाले की पोटगी देणे भाग पडते, हे तत्त्व दिवाणी न्यायालयांना नवे नाही. तेच येथे लावावे. जे राज्य वा राष्ट्र एखाद्या धानाचे अथवा पदार्थाचे मूळ स्थान आपण असल्याचे शाबीत करील, त्याने त्या धानाचा दाणा न्‌ दाणा गुणाप्रमाणे भाव देऊन खरेदी करावा, चुकारे आठ दिवसांत चुकवावेत, आणि तुडतुड्याने उभे पीक खाल्ल्यास त्याची भरपाईही पित्याच्याच खात्यातून व्हावी.

हे कलम मंजूर झाले की काय होईल, ते सांगण्यास ज्योतिषी नको. महाराष्ट्राचे वकील १८६७ चा दस्तऐवज घेऊन न्यायासनासमोर उभे राहतील आणि चिन्नोर हा बालाघाटाचाच असून भंडाऱ्यात तो केवळ नदीच्या पुराबरोबर वाहत आला असावा, असे गहिवरून प्रतिपादन करतील. मध्य प्रदेशाचे वकील तोच दस्तऐवज मागून पुढे वाचतील आणि त्या सालापूर्वी तो मुलूखच भंडाऱ्याचा होता, सबब जन्मदात्याची जबाबदारी आमच्या अशिलावर लादू नये, अशी कैफियत गुदरतील. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद इतका बिनतोड असेल की न्यायमूर्तींना अखेर असा निर्वाळा द्यावा लागेल: चिन्नोर हा कोणाचाच नाही, तो रोवणी करणाऱ्या बाईचा आहे, आणि दाव्याचा खर्च तिच्याकडून वसूल करण्यात यावा.