घड्याळजींचा उद्या

घड्याळजींनी सांगितलेल्या दिवशीच घड्याळ परत मिळालं, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. दुकानाच्या भिंतीवरच्या दोन घड्याळांचं एकमेकांशी पटत नाही, आणि 'किती वाजले हो?' असं विचारलं तर डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळजी मोबाईल चाचपतात.

पण त्यांच्या उशिराला शास्त्र आहे. चावीच्या साध्या घड्याळातलं बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, दिवसाला ४,३२,०००. घड्याळ उताणं असलं की त्याची चाल एक, पालथं केलं की दुसरी, उभं धरलं की तिसरी. म्हणून दुरुस्तीनंतर ते सगळ्या कुशींवर निजवून बघावं लागतं. दिवसाला किती चुकतं हे कळायला आख्खा दिवसच जावा लागतो. नुसते ठोके ऐकून चाल सांगणारं यंत्र आहे म्हणा. पण तुमच्या मनगटावर ते घड्याळ कसं वागेल, हे यंत्राला कुठून कळणार?

आपण गिऱ्हाईकं मात्र निर्दय. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडणारं घड्याळ म्हणजे ८६,४०० सेकंदांत ३० सेकंदांची चूक. दहावीच्या भाषेत ९९.९७ टक्के! पोराला एवढे पडले तर आपण गल्लीभर पेढे वाटू. घड्याळाला मात्र शिव्या. त्याही अकराच्या सभेला साडेअकराला पोचणाऱ्यांच्या.

आमच्या नात्यातल्या एका आजींनी तबकडीवरचं '१७ ज्युवेल्स' वाचून घेतलं आणि आजोबांचं एचएमटी थेट दागिन्यांच्या डब्यात ठेवलं. त्यातली माणकं खरी, पण भट्टीत घडवलेली. चाकांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवतात. मोडीत त्यांना कोणी विचारत नाही. आजींना हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि २०१६ मध्ये तो कारभार आटोपला. आता एक घड्याळ चालू करायला सुट्या भागांसाठी बऱ्याचदा दुसरं मोडावं लागतं, आणि ते दुसरं मिळेपर्यंत 'उद्या या' म्हणण्यावाचून घड्याळजींना इलाज नसतो.

कपाटात आजोबांचं घड्याळ पडून असेल, तर याच आठवड्यात घड्याळजींकडे न्या. परत कधी मिळेल, हे मात्र विचारू नका.