उदयोन्मुख बुवा

सिंधुदुर्गात बुवा दोन जातींचे. एकाच्या पायांवर लोक डोकं ठेवतात. दुसरा पेटीवर बोटं ठेवतो आणि समोरच्या बुवाचं डोकं खातो. आपल्याला काम आहे ते दुसऱ्याशी, त्यातही तो कोवळा असतानाच्या अवस्थेशी.

हा बुवा बाविशी-तेविशीचा. कणकवली-कुडाळकडे कुठेतरी नोकरी करतो, म्हणजे भजन नसेल त्या दिवशी करतो. आई त्याला 'झिला' म्हणते, वाडीतला काका 'मेल्या'. पण पेटीचा भाता हलला की तोच काका टाळ घेऊन मागे बसतो आणि अदबीने म्हणतो, "बुवांनू, सूर जरा खाली घेवा." बुवा घेत नाहीत. काळी चारच्या खाली गाणं म्हणजे त्यांना सासुरवाडीत मागच्या दाराने शिरल्यासारखं वाटतं. घसा जपायला ऑक्टोबरच्या उकाड्यातही गळ्यात मफलर, खिशात ज्येष्ठमध. बांगडा मात्र सुटत नाही.

बुवांचं विद्यापीठ म्हणजे चतुर्थी. वाडीत घरोघर गणपती, घरोघर भजन आणि घरोघर काळ्या वाटाण्याची उसळ, करंज्या, चहा. शेवटच्या घरापर्यंत आवाज बसलेला आणि पोट वर आलेलं असतं. तिथेही जो गजर चढवू शकतो तो पास. तिकडे स्कॉटलंडात ग्लासगोला पारंपरिक संगीताची रीतसर पदवी मिळते, बीबीसी रेडिओ स्कॉटलंड दरवर्षी एका तरुण पारंपरिक कलाकाराला पुरस्कार देतं. आमच्याकडे पदव्या बॅनर छापणारा देतो. पहिल्या वर्षी 'उदयोन्मुख', दुसऱ्या वर्षी 'सुप्रसिद्ध', तिसऱ्या वर्षी 'सुरांचा बादशहा'. 'भजनसम्राट' लिहिताना तेवढा त्याचा हात अडखळतो. कारण परशुराम पांचाळ, काशीराम परब या जुन्या बुवांना समोर बसून ऐकलेली माणसं अजून गावात आहेत आणि ती बॅनर वाचतात.

या माणसांनी भजन ऐकलं ते निम्मं गावात, निम्मं मुंबईत. लालबाग-परळच्या चाळींत पाळी संपवून आलेले गिरणीकामगार पखवाजाला कणीक लावून बसत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पेटी राहिली. आता मुंबईहून सुपारी आली की बुवा 'कोकणकन्या'ने निघतात. पेटी मांडीवर, कारण ती सामानात ठेवायला जीव होत नाही. कार्यक्रम यूट्यूबवर चढतो. त्याखालचे अभिप्राय बुवा आठवडाभर वाचतात, त्यातले निम्मे त्यांच्याच आतेभावाचे असतात.

मानधनाच्या पाकिटाचा हिशेब सोपा आहे. आधी पखवाजवाला, कारण तो रुसला तर पुढच्या सामन्याला समोरच्या बुवाकडे बसतो. मग टेम्पो, मग कोरसवाल्यांचा चहा-वडा. उरतं ते बुवांचं, म्हणजे शाल आणि श्रीफळ. घरी माडाची बाग असलेल्या माणसाला नारळ देऊन गौरवण्याची ही रीत फक्त कोकणातच शोभते.

पण खरी परीक्षा डबलबारीची. जत्रेची रात्र, 'जंगी सामना', समोरासमोर दोन मंडळं. नमन झालं, रूपाचा अभंग झाला. बुवांनी एका अभंगाला सिनेमाची चाल लावून टाळ्याही घेतल्या. तेवढ्यात समोरचे मुरलेले बुवा पेटीवर कोपर टेकून म्हणाले, "चाल बरी हा. आता इतक्याच सांगा, भीष्माचा आजोळ खयचा?"

बुवांनी भात्याआड ठेवलेला मोबाइल हळूच उघडला. रेंज नव्हती. मग त्यांनी आलाप घेतला. आलाप लांबला, लोकांना वाटलं बुवा आज रंगात आहेत. पखवाजवाल्याने तीनदा सम दाखवली, बुवा समेवर यायलाच तयार नाहीत. अखेर मागून काका टाळाच्या ठेक्यात पुटपुटला, "आवस कोण? गंगा. गंगेचो बापूस कोण? हिमालय. म्हण मेल्या आता!"

बुवा समेवर आले. "भीष्माचं आजोळ हिमालय!" असं म्हणून त्यांनी असा गजर चढवला की मांडवातली झोपलेली पोरं उठून नाचली. काकाने मान खाली घालून टाळ वाजवला. त्याला सगळे अभंग, सगळ्या गौळणी आणि अर्धं महाभारत पाठ आहे; तरुणपणी त्याचा सूर काळी दोनच्या वर गेला नाही, म्हणून तो मागे बसला, एवढंच. बुवा म्हणजे पुढे एक गळा आणि मागे असे चार-पाच काका.

पुढच्या जत्रेचं बॅनर नाक्यावर लागलं. बुवांचा मफलरातला फोटो, खाली नवी पदवी: 'पुराणांचे गाढे अभ्यासक'. काकाने चष्मा चढवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आता पुराण वाचूक होया. माझा."