काचेआडचे वाळवण

सूर्यप्रकाशावर चालणारा छोटा यंत्रमानव मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवावा, ही कल्पना ज्या डोक्यात प्रथम येते ते डोके बहुधा पंख्याखाली असते. डॅशबोर्डवर ऊन फुकट, जागा मोकळी आणि सिग्नलला शेजारी थांबणाऱ्या प्रेक्षकांची सोय आपोआप, असा हिशेब त्यामागे असतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा असतो, कारण जे ऊन या यंत्राला जेवू घालते तेच त्याला शिजवतेही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात या दोन क्रियांमध्ये फारसा अवधी जात नाही.

'यंत्रमानव' हा शब्द येथे जरा भारदस्त होतो. ज्या जातीच्या यंत्रांचा हा विचार आहे ती काडेपेटीएवढी असतात, त्यांना मेंदू म्हणावा असा संगणक नसतो, आणि मानवाशी त्यांचे साम्य एवढेच की ती थोडे चालून बराच वेळ बसतात. १९९० च्या सुमारास कॅनडात मार्क टिल्डन या शास्त्रज्ञाने या जातीची सुरुवात केली आणि जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सौंदर्य व यांत्रिकी या विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव 'बीम' असे पडले. बंद पडलेला वॉकमन, जुना कॅल्क्युलेटर, पेजरमधली शेंगदाण्याएवढी मोटर अशा भंगारातून ही यंत्रे जुळवायची, असा या पंथाचा दंडक आहे. 'असू दे, कधीतरी लागेल' या तत्त्वावर ज्यांच्या घरातले माळे उभे आहेत, त्या मराठी कुटुंबांची बाजू घेणारे हे बहुधा पहिलेच शास्त्र होय.

या यंत्राचे हृदय म्हणजे 'सोलर इंजिन'. कॅल्क्युलेटरवरची सौरपट्टी देते तेवढ्या विजेवर मोटर फिरत नाही, ती नुसती संकोचून बसते. म्हणून ती वीज आधी कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डबीत, थेंबाथेंबाने जमवावी लागते. साठा ठरावीक पातळीला पोचला की दोन ट्रान्झिस्टर आणि एक लुकलुकणारा एलईडी मिळून दार उघडतात, सगळी वीज एकदम मोटरीला मिळते, यंत्र दोन बोटे पुढे सरकते आणि साठा संपताच पुन्हा जमवाजमवीला बसते. चाळीतल्या बायका ज्याला भिशी म्हणतात तोच हा व्यवहार असून फरक इतकाच की येथे सभासद एकच आहे आणि भिशी दर वेळी त्यालाच लागते.

आता गाडीच्या काचेकडे वळले पाहिजे. नियमानुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आत यावा लागतो, म्हणजे यंत्राच्या जेवणाची सोय कायद्यानेच झालेली आहे. हा प्रकाश काळ्या डॅशबोर्डवर पडून उष्णता होतो, त्या उष्णतेचे दीर्घ लहरींचे किरण काचेतून परत जाऊ शकत नाहीत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसवर गेलेले आढळले. काच दोन बोटे खाली ठेवली की झाले, असे म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात; २००५ सालच्या कॅलिफोर्नियातल्या मोजणीने, तेवढ्याने फारसा फरक पडत नाही, असे दाखवून दिले असले तरी काकांचे मत बदललेले नाही.

या भट्टीत प्रथम कोण हार मानते, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. सर्वांत नाजूक वाटणारा ट्रान्झिस्टर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिल्लरीत मिळणारा, दीडशे अंशांपर्यंत तग धरतो. झाळकामाचे कथील १८३ अंशांच्या आत वितळत नाही. हार मानतो तो ग्लू गनचा गोंद, ज्याच्यावर हौशी यंत्रकाराचा सर्वाधिक विश्वास असतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण या गोंदाला अक्षरशः लागू पडते, कारण साठ अंशांच्या आसपास तो आपले कर्तव्य विसरू लागतो. तो एकदम सुटत नाही. आधी मोटर किंचित कलते, मग तिच्या बुडाशी गोंदाची तार लांबते, पुरणपोळीवरून तूप ओघळावे तशी मोटर उतारावरून घरंगळते आणि डॅशबोर्ड व काच यांच्यामधल्या त्या फटीत जाते, जिथे आजवर पार्किंगच्या पावत्या, एक रुपयाची नाणी आणि गणपतीपुढे ठेवलेले सुकलेले फूल गेलेले असते. भिशी मात्र चालूच असते, त्यामुळे दर थोड्या वेळाने फटीतून एक अस्वस्थ घरघर ऐकू येते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा सांगाडा काढणाऱ्यांनी हसू नये. त्याचीही साठी त्याच सुमारास येते आणि चार पायांचे यंत्र संध्याकाळपर्यंत साष्टांग नमस्कारात आढळते.

कॅपॅसिटरची गोष्ट अधिक गंभीर आहे. साध्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या अंगावर ८५ किंवा १०५ असा आकडा छापलेला असतो, तो त्याने सोसायच्या कमाल तापमानाचा. आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ नियम असल्याने १०५ चा आकडा पाहूनच खरेदी करावी, किमतीतला फरक चहाच्याही खाली असतो. जास्त वीज साठवणारे सुपरकॅपॅसिटर मात्र बहुधा ६५ ते ७० अंशांतच थकतात. शिवाय तापलेला कॅपॅसिटर गळू लागतो आणि तापलेल्या सौरपट्टीचा जोर दर अंशामागे थोडाथोडा उतरतो. येणारी वीज व गळणारी वीज समान झाली की साठा पातळीला कधीच पोचत नाही, आणि भर दुपारी, ऊन ऐन रंगात असताना, यंत्र नुसते बसून राहते. ताटावर बसलेला माणूस उठायचे नाव घेत नाही, तसा हा प्रकार असतो. यावर लिथियम बॅटरी बसवण्याचा मोह होतो. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक असल्यामुळे तो मोह मुळीच करू नये, कारण ही बॅटरी फुगते तेव्हा विनोद संपतो.

उपाय साधे आहेत. गोंदाऐवजी बारीक स्क्रू आणि तांब्याच्या तारेची बांधणी वापरावी, पाय पेपर क्लिपचे करावेत, पट्टीच्या मागून वारा खेळेल इतकी ती उचलून बसवावी. एवढे सगळे करूनही समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावणारे यंत्रकार आढळतात, कारण गाडीची सीट त्यांचीही असते. पडद्यामुळे यंत्र उकाड्यापासून वाचते आणि अंधारात उपाशी राहते. गाडी कडुनिंबाखाली लावली तरी परिणाम तोच. घरातल्या ज्येष्ठांचा शेरा यावर ठरलेला असतो: तेवढ्या उन्हात आणि तेवढ्या जागेत दोन किलो कुरडया वाळल्या असत्या.

या शेऱ्यात तथ्य आहे. म्हणून हे यंत्र डिसेंबरात खुशाल डॅशबोर्डवर ठेवावे, पण मे महिन्यात ते गच्चीवर, वाळवणाच्या ताटाशेजारी ठेवावे. तिथे ऊन तेच असते आणि वारा जास्तीचा मिळतो. ताटावर जाळी मात्र आठवणीने झाकावी, कारण दोन-दोन बोटे सरकत हे यंत्र दुपारपर्यंत कुरडयांत शिरते.