पाच मिनिटं दहा सेकंद

दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की आरमोरीच्या रस्त्यावर पहाटे दोनच प्रकारची माणसं दिसतात. रात्रभराचं झाडीपट्टीचं नाटक बघून चादर गुंडाळून डुलत परतणारी, आणि वडसा रोडनं धावत सुटलेली. या दुसऱ्या माणसाला गावात 'भरतीवाला' म्हणतात. त्याला नाव असतं, पण ते निवड यादीत लागेपर्यंत कुणी वापरत नाही.

भरतीवाल्याचं जग सेकंदांचं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलात तर 20 पैकी 20, पुढे गुण गळायला लागतात. आपला गडी सुरुवात करतो सात मिनिटांपासून. महिनाभर घाम गाळून दहा सेकंद खाली येतो आणि अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगतो, "सहा पन्नास आला जी काका!" दहा सेकंदांत आमच्या चहावरची साय बाजूला होत नाही, पण ओट्यावरून "वा गा बाबू!" म्हणावंच लागतं. पुढच्या आठवड्यात सहा पंचावन्न. आतेबहिणीचं लग्न झालेलं असतं. पाच सेकंद जिलेबीत गेले.

बापानं धानाची पोती उचलायला बोलावलं, की ती गोळाफेकीची तयारी. खरा गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा. तो चौघांनी वर्गणी काढून घेतलेला, आठवड्याच्या पाळीनं घरोघर फिरतो. याच्या घरी आला की आई वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला लावून ठेवते.

रात्री सामान्य ज्ञान. रोज दहाच प्रश्न, पण मोठ्यानं. गडचिरोली जिल्हा कधी झाला? 26 ऑगस्ट 1982. वर्धा-वैनगंगेचा संगम? चपराळा. आजीला सगळं पाठ झालंय. लेखीला तिलाच पाठवावं, असं वडिलांचं मत.

2022 मध्ये सीटी-1 वाघाची दहशत होती. ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात तो पकडला, तोवर 13 माणसं गेली होती. हसण्यासारखे दिवस नव्हते. भरतीवाला तेव्हा मागच्या अंगणात जागच्या जागी धावायचा. खाडा नाही.

मला राग येतो तो जाहिरातीचा. सेकंद कमी होतात तसं वय वाढतं. खुल्या प्रवर्गाला 28, मागासवर्गीयांना 33 ची मर्यादा. पोरगं रोज हजर. जाहिरात मात्र तिच्या मर्जीनं येते.

तरी दरवेळी एखादा लागतो. मग सुटीवर गाडीवरून येतो, पट्ट्याची दोन भोकं सैल करून. पहाटे नव्या पोरांच्या मागे गाडी लावतो, मोबाईलवर वेळ बघत ओरडतो, "सातत्य पाहिजे गा पोट्टेहो, सातत्य!" तूही उतर, एक फेरी मार म्हटलं, तर म्हणतो, "ड्युटीनं पाठ धरली जी काका."