मिरजेचा निरोगी पेशंट

मिरजेत राहून ज्याला आजारांची धास्ती वाटते, त्याची धडगत नाही. दुसऱ्या गावात एखाद्याच्या छातीत कळ आली, तर स्पेशालिस्ट गाठायला रजा टाका, एसटी पकडा, पाहुण्यांकडे उतरा, या खटाटोपातच निम्म्या कळा विरून जातात. आमच्याकडे ती सोय नाही. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली इथं हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून गावाला दवाखान्यांचा जो नाद लागला तो लागलाच. बेळगाव, विजापूर, कोकण, कुठून कुठून माणसं येतात, बगलेत एक्स-रेचा मोठा लखोटा. माझ्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर हृदय, किडनी, हाडं, मेंदू अशा पाट्या ओळीनं आहेत. किडनीच्या पाटीखालून जाताना माझी कंबर धरते, मेंदूच्या पाटीपाशी डोकं जड होतं. एकदा प्रसूतिगृहासमोर मळमळायला लागलं, तेव्हा मात्र मी स्वतःला आवरलं.

मी गणिताचा मास्तर. दहावीच्या पोरांना संभाव्यता शिकवतो. फासे टाकले तर अमुक येण्याची शक्यता किती, थैलीतून लाल चेंडू निघण्याची किती, हे मी झोपेतही सांगेन. पण थैलीच्या जागी माझं पोट आलं की माझं गणित कच्चं होतं.

त्याचा पुरावा म्हणजे ती गाठ. अंघोळीला साबण लावता लावता छातीच्या मधोमध, फासळ्या संपून पोट सुरू होतं तिथल्या खळग्यात, बोटाला काहीतरी टणक लागलं. दाबलं. टोचलं. खात्री करावी म्हणून आणखी दाबलं, तर आणखी टोचलं. बाहेरून बायको ओरडली, "अहो, निदान गिझर तरी बंद करा!" मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तो मनातल्या मनात पीएफच्या नॉमिनेशनचा विचार करतच.

रात्री बायकोला म्हटलं, "हात लाव बघू इथं." तिनं लावला. म्हणाली, "हाड आहे." मी म्हटलं, हाड असं मध्येच सुटं कसं असेल? मग तिच्या त्याच जागी बोट लावून बघितलं. तिलाही होती! एकाच घरात दोघांना, म्हणजे पाण्यातूनच काहीतरी आलं असणार. धावत जाऊन झोपलेल्या पोराला चाचपलं. चौथीतला पोरगा, त्याच्या तिथं मऊ लागलं. डोळ्यांत पाणी आलं. निदान हा तरी वाचला.

दुसऱ्या दिवशी सर्जनसाहेबांनी दोन बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "चाळिशी कधी झाली?" मी म्हटलं, "याच वर्षी." ते म्हणाले, "छातीच्या हाडाचं खालचं टोक आहे हे. सगळ्यांना असतं. लहानपणी कूर्चा असते म्हणून मऊ लागते, चाळिशीच्या सुमारास तिचं हाड व्हायला लागतं. तुमचं वेळेवर झालंय."

"पण दुखतंय ना."

"कालपासून किती वेळा दाबलंत?"

मी उत्तर दिलं नाही. फी दिली.

कुणी म्हणेल, सुटलास की बाबा. सुटलो ना. दवाखान्याच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानापर्यंत मी पूर्ण सुखी होतो. दुकानापाशी मनात आलं, सगळ्यांना असतं तर मग दाबताना साहेबांनी भुवई का उचलली?

आमच्या जातीच्या माणसांचं हेच दुखणं. "काही नाही" हे ऐकायला आम्ही वाटेल तेवढे पैसे मोजतो आणि ते ऐकून घरी पोचेपर्यंत त्याची मुदत संपते. मग मोठ्या डॉक्टरकडून "काही नाही" हवं असतं, मग मशीनकडून. ईसीजी झाला, टूडी एको झाला, सोनोग्राफी झाली. त्यानंतर मी संपूर्ण शरीराचं सवलतीतलं पॅकेज घेतलं, ऐंशी चाचण्या एका पिचकारीत. रिपोर्ट आला त्यात सगळं ठीक, फक्त एक आकडा ठळक अक्षरात. एमसीएचसी. या बाईचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आता ती माझ्या रक्तात कमी होती.

लॅबमधला पोरगा माझाच जुना विद्यार्थी. माझा चेहरा बघून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय की." आणि लखोट्याच्या पाठीवर त्यानं मला गणित घालून दाखवलं. 'नॉर्मल' म्हणून जो पट्टा छापतात तो बहुतेक वेळा शंभर धडधाकट माणसांतल्या मधल्या पंचाण्णवांचा असतो. म्हणजे कुठल्याही एका चाचणीत वीस निरोगी माणसांतला एक जण पट्ट्याबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यात बसण्याची शक्यता 36 टक्के. उरलेल्या 64 टक्क्यांत कुठंतरी एक ठळक आकडा. "आणि सर, तुम्ही ऐंशी केल्या. एकच बाहेर आलाय म्हणजे पेढे वाटा." गणित बिनचूक होतं. मी त्याला शाबासकी दिली आणि संध्याकाळी एमसीएचसीसाठी वेगळे डॉक्टर शोधले.

याच काळात मी नाडीची वही घातली. तारीख, वेळ, ठोके, शेरा. बोट मनगटावर ठेवलं की ठोके वाढायचे, वाढले म्हणून घाबरायचो, घाबरलो म्हणून आणखी वाढायचे, आणि तो आकडा मी निळ्या शाईनं लिहायचो. मला या वहीचा मोठा अभिमान होता, कारण चार्ल्स डार्विननं असलीच वही ठेवली होती. 1849 ते 1855, रोजची तब्येत, रात्रीच्या पोटातल्या वाऱ्यापर्यंत सगळं नोंदलेलं. फरक एवढाच की डार्विननं वही बंद केल्यावर 'ओरिजिन ऑफ स्पिसीज' लिहिलं. मी दुसरी वही आणली.

इथपर्यंतची हकिकत मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगतो आणि लोक हसतात. पुढचं सांगायचं राहतं.

मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. कॉलेजात असल्यापासून मी तिथं रात्र रात्र बसलोय. धास्ती लागल्यावर जाणं बंद केलं. जागरण, गर्दी, छातीत काही झालं तर बाहेर कसं पडायचं? कारण पटण्यासारखं होतं. मग सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, हृदय घोड्यासारखं आहे असं लेखी मिळालं, आणि उरूसही आला. मित्र बोलवायला आला, "चल मर्दा, आता काय अडचण?" अडचण काहीच नव्हती. जावंसंच वाटेना. तंबोऱ्याचा आवाज आठवून बघितला, तर तोही कुणा दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखा. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं. मला इतक्या वर्षांत खोटं दुखणं सांगायची वेळ पहिल्यांदा आली होती.

मग नीट बघितलं तर आणखी पुष्कळ दिसलं. सहामाहीचे पेपर न तपासता पडून होते. पहाटे तीनला जाग यायची ती परत डोळा लागायचा नाही. जेवण बेचव लागायचं, वजन उतरलं होतं, जिना चढायचं जिवावर यायचं. आता गंमत बघा. झोप नाही, भूक नाही, वजन उतरलंय, अंगात त्राण नाही. ही चार वाक्यं मोबाइलमध्ये टाका, कॅन्सरशिवाय दुसरं काही निघत नाही. खिन्नपणा असा मला कच्चा माल पुरवत होता आणि धास्ती त्यातून रोज नवा आजार काढत होती. नव्या आजाराच्या मागं धावून थकलो की तो थकवा पुन्हा खिन्नपणाच्या खात्यात जमा. धंदा जोरात होता.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "मास्तर, पोट झालं, छाती झाली. आता जरा वर जाऊ या."

"मेंदूच्या डॉक्टरांकडे?" मी आशेनं विचारलं.

"मनाच्या."

मला राग आला. शौचाची डबी भर दुपारी मार्केटातून मिरवत नेताना मला कधी लाज वाटली नव्हती. मानसोपचारवाल्या डॉक्टरांची पाटी मात्र मी रस्ता ओलांडून टाळत आलो होतो. शेवटी गेलो तो ऐन एप्रिलात, मफलर बांधून. वेटिंगमध्ये आमचे हेडमास्तर बसलेले. दोघंही एकदमच म्हणालो, "पाहुण्यांना घेऊन आलोय." पाहुणे दोघांबरोबरही नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं केला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पहिलाच प्रश्न, कशातही रस किंवा आनंद वाटत नाही? मी तीनवर खूण केली आणि मग पेन बराच वेळ हातातच राहिलं. शेवटच्या प्रश्नावर, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, मी आधी शून्य लिहिलं. मग खोडून एक केलं. त्यावर बाईंनी सावकाश, स्पष्ट प्रश्न विचारले, कधी, कसं, काही ठरवलंय का. मी उत्तरं दिली. तेवढ्या वेळात माझ्या नाडीवर माझं बोट नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

बेरीज सत्तावीसपैकी सतरा. शेकडा 63. इतकी वर्षं पॉझिटिव्ह रिपोर्ट शोधत फिरलो आणि निघाला तो फर्स्ट क्लासात. तरी मी विचारलंच, "याला काही स्कॅन? एखादी रक्ताची टेस्ट?" बाई म्हणाल्या, थायरॉइड वगैरे बघतात, ते तुमचं सगळं झालंय, डिप्रेशन दाखवणारी अशी टेस्ट नसते. मला फसवल्यासारखं झालं. एवढा मोठा आजार आणि मशीन नाही!

ही नाटकं नव्हेत, हेही त्यांनीच सांगितलं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात आजारांच्या धास्तीचं रीतसर निदान झालेल्या चार हजारांवर माणसांच्या नोंदी तपासल्या, तो 2023 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. ही माणसं इतरांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं आधी गेली, आणि त्यांच्यात आत्महत्येचा धोका जवळजवळ चौपट होता. मरणाला भिणारा माणूस तिकडं कसा वळेल, असं मलाही वाटायचं. त्या शेवटच्या प्रश्नावर एक लिहिल्यापासून वाटत नाही.

गोळी सुरू झाली. तिच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी वाचायच्या आत बायकोनं पळवला, त्यामुळे मला त्यातले निम्मेच त्रास झाले. गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढे लागले. गोळीबरोबर समुपदेशन, आणि त्यातला खरा जालीम भाग घरच्यांकडे सोपवलेला. नाडी बघायची नाही, मोबाइलवर लक्षणं टाकायची नाहीत, आणि मी धीर मागितला तर कुणी द्यायचा नाही. धीर दिला की त्याची पुन्हा तलफ येते, न देता थांबलं तर भीती आपोआप उतरते, असं त्यामागचं शास्त्र.

"अगं, माझे डोळे पिवळे दिसतात का?"

"उत्तर द्यायला बंदी आहे."

"म्हणजे दिसतात."

"बंदी आहे."

"नुसती मान हलव."

"बाईंना फोन लावू?"

मी गप्प पेपर तपासायला बसलो. पाचवा गठ्ठा हातात घेतला तेव्हा डोळ्यांचं विसरलो होतो. मागं तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, तेव्हा सत्तावीसपैकी नऊ आले. नापास होत चाललोय म्हणून घरात आनंद आहे. पूर्ण बरा झालोय असं नाही. परवाच जिभेवर काहीतरी दिसलं होतं, मी आरसा पालथा घातला.

माझ्यासारखा एखादा नमुना तुमच्या घरात असेल तर त्याची थट्टा जरूर करा, आम्हाला ती चालते. पण फाइल जाड होत चाललीय, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत आणि माणूस मात्र पहाटे तीनला जागा असतो, असं दिसलं तर त्याला आणखी एका सोनोग्राफीला नेऊ नका. सरकारची टेलीमानस ही हेल्पलाइन 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, मफलर लागत नाही. तो माणूस तुम्हीच असाल, तर आजच लावा.